कापराचा हिशेब

अकरावीच्या रसायनशास्त्राचा पहिलाच धडा मूलभूत संकल्पनांचा असतो. त्यातल्या एका प्रकारच्या गणितापाशी पोरं दरवर्षी अडखळतात. संतुलित समीकरण दिलेलं असतं, एका पदार्थाचं वजन दिलेलं असतं. दुसरा पदार्थ किती लागेल किंवा किती तयार होईल, ते काढायचं असतं. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी हा धडा वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. परीक्षेत या गणितांना फार गुण नसतात. पण पुढचं सगळं रसायनशास्त्र ज्यावर उभं आहे तो पाया इथंच भरला जातो, असं माझं ठाम मत झालं आहे.

माझ्या वर्गातली निम्मी पोरं डोंगरावरच्या वाडी रत्नागिरीची. कुणी गुरवांच्या घरातलं, कुणाचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान. उरलेली केर्ली, कुशिरे, पोहाळे अशा खालच्या गावांतली, ऊस लावणाऱ्या घरांतली. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला सासनकाठ्या डोंगर चढतात, तेव्हा वर्ग ओस पडतो. माघातल्या खेट्यांच्या रविवारी ही पोरं पहाटेपासून दुकानात उभी असतात. पाचशेची नोट पुढं आली की सुटे किती द्यायचे, हे त्यांना कागदावर मांडावं लागत नाही. म्हणजे हिशेब त्यांना अवघड नाही. मग समीकरणातला हिशेबच का चुकतो?

वह्या तपासता तपासता कारण सापडलं. 'हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात,' हे वाक्य पोरं वजनाचं म्हणून वाचतात. दोन ग्रॅम हायड्रोजनला एक ग्रॅम ऑक्सिजन, असं धरून पुढं जातात. खरं तर चार ग्रॅम हायड्रोजनला बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि छत्तीस ग्रॅम पाणी तयार होतं. समीकरण किती नग लागतात ते सांगतं, वजनाबद्दल काही बोलत नाही. आणि आपण तर तराजू घेऊन बसलेलो असतो.

हे समजावण्यासाठी मी दुकानातल्या पूजेच्या ताटाचा आधार घेऊ लागले. ताटात एक नारळ, खोबऱ्याच्या दोन वाट्या, गुलालाची एक पुडी आणि दवण्याची एक जुडी. ताट नगांनी भरतं, पण खोबरं बाजारातून येतं ते किलोनं. मी फळ्यावर लिहिलं: दहा किलो खोबरं आलं, तर किती ताटं होतील? पहिल्या बाकावरच्या मुलीनं उत्तर दिलं नाही, उलट मलाच विचारलं, "एका वाटीचं वजन किती धरायचं, मॅडम?"

मला हवा होता तो प्रश्न हाच. एका नगाचं वजन कळल्याशिवाय किलोवरून नगांवर जाता येत नाही. रेणूचं वजन एकेक करून तोलता येत नाही, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी मोल हे एकक घेतलं. एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण असतात. २०१९ पासून ही संख्या जगभरासाठी नेमकी ठरवून दिली आहे. या मापानं मोजलं की पाण्याचा एक मोल अठरा ग्रॅम भरतो आणि कार्बन डायऑक्साइडचा चव्वेचाळीस ग्रॅम. गणिताच्या पायऱ्या तीनच. दिलेल्या वजनावरून मोल काढायचे, समीकरणातल्या प्रमाणानं दुसऱ्या पदार्थाचे मोल काढायचे, आणि त्यांचं पुन्हा वजन करायचं. मधली पायरी गाळली की उत्तर चुकतं.

ताटाचा दुसराही उपयोग झाला. गुलाल पोत्यानं पडला आहे, खोबरंही भरपूर आहे, पण नारळ चाळीसच आहेत, तर ताटं किती? सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "चाळीस!" जो पदार्थ आधी संपतो तोच उत्पादन किती होणार ते ठरवतो, हा नियम पुस्तकात अर्धं पान घेतो. पोरांना तो एका ओळीत समजला.

एवढं झाल्यावर मी तराजू वर्गात आणते. खाण्याचा सोडा तापवला की त्याचा धुण्याचा सोडा होतो आणि पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड निघून जातात. दोन मोल खाण्याचा सोडा म्हणजे १६८ ग्रॅम. त्यातून १०६ ग्रॅम धुण्याचा सोडा, १८ ग्रॅम पाणी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. बेरीज पुन्हा १६८. पोरांनी ८.४ ग्रॅम सोडा मुशीत घ्यायचा आणि तापवण्याआधीच वहीत लिहायचं, की ५.३ ग्रॅम उरेल. आकडा आधी, आग नंतर, असा क्रम मी कटाक्षानं पाळते. तापवून, थंड करून मूस तोलली की बहुतेक गटांचं वजन सहा ग्रॅमच्या आसपास येतं. मग कुजबूज सुरू होते. कुणाला वाटतं समीकरण चुकलं, कुणाला वाटतं तराजू बिघडला.

मी एवढंच सांगते, "पुन्हा तापवा." दुसऱ्यांदा वजन आणखी उतरतं. तिसऱ्यांदा थोडंसंच उतरतं, आणि मग कितीही तापवलं तरी ढळत नाही. तोवर आकडा ५.३ च्या अगदी जवळ आलेला असतो. पहिल्या वेळी अभिक्रिया पुरती झालेलीच नव्हती. आत सोडा शिल्लक होता आणि डोळ्यांना तो वेगळा दिसत नव्हता, कारण दोन्ही भुकट्या पांढऱ्याच. काम पुरं झालं की नाही हे त्या आधी लिहिलेल्या आकड्यामुळं कळलं. कागदावरचं गणित हे पुढं काय घडेल याचं भाकीत असतं आणि ते पदार्थाला प्रश्न विचारू शकतं, हे पोरांना तिथं जाणवतं. त्या तासानंतर वर्गातली शांतता वेगळी असते.

आता कापराविषयी. या डोंगरावर वाढलेल्या पोरानं कापूर जळताना किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. आरती होते, वडी पेटते, आणि ताम्हनात काहीच उरत नाही. भक्ताला त्यात समर्पण दिसतं आणि ते योग्यच आहे. पण वर्गात मी विचारते, "कापूर कुठं गेला?" बहुतेकांचं उत्तर येतं, "संपला की, मॅडम."

मग आम्ही समीकरण मांडतो. कापराच्या रेणूत कार्बनचे दहा, हायड्रोजनचे सोळा आणि ऑक्सिजनचा एक अणू. पूर्ण जळण झालं तर कापराच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे सत्तावीस रेणू लागतात, आणि कार्बन डायऑक्साइडचे वीस व पाण्याचे सोळा रेणू तयार होतात. वजनात मांडलं तर ३०४ ग्रॅम कापराला ८६४ ग्रॅम ऑक्सिजन. एकीकडं ११६८. दुसरीकडं ८८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि २८८ ग्रॅम पाणी, म्हणजे तेही ११६८. आरतीच्या मापानं बोलायचं, तर दहा ग्रॅम कापूर जळताना हवेतला २८ ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन घेतो आणि जवळजवळ २९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व साडेनऊ ग्रॅम पाणी देतो. जो पदार्थ 'संपला' त्याच्या जवळपास चौपट वजनाचं काहीतरी हवेत गेलेलं असतं.

हा आकडा फळ्यावर आला की मागच्या बाकांवरूनही हात वर होतात. दहा ग्रॅममधून अडतीस ग्रॅम कसे झाले? वजन वाढलं कुठून? उत्तर समीकरणाच्या डाव्या बाजूलाच असतं. ज्या हवेला आपण हिशेबात धरलंच नव्हतं, तिथून. तेवढा ऑक्सिजन पुरवायला शंभर लिटरहून जास्त हवा लागते. मग आम्ही बाहेर व्हरांड्यात छोटी वडी पेटवतो आणि ज्योतीच्या बऱ्याच वर स्टीलची थंड ताटली क्षणभर धरतो. तिच्यावर ओलसर धूसरपणा येतो. पालथ्या धरलेल्या चंबूत वरची हवा कोंडून त्यात चुन्याची निवळी हलवली की ती दुधाळ होते. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, दोघांची साक्ष मिळते. ताटली ज्योतीला लागली की मात्र काजळी धरते. तो कार्बन आहे, पुरेसा ऑक्सिजन न मिळाल्यानं अर्ध्या वाटेवर राहिलेला. म्हणून आमचा २९ चा आकडा ही वरची मर्यादा, हेही तिथंच ठरतं.

एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग उधळलेल्या गुलालाचं काय?" सुंदर प्रश्न. गुलाल उधळला की तो गुलालच राहतो. पायऱ्यांवर, दगडी शिखरांवर, माणसांच्या डोक्यावर पसरतो, पण त्याचे रेणू बदलत नाहीत. सगळा झाडून गोळा करता आला, तर वजन तितकंच भरेल. कापराचे अणू मात्र एकमेकांची साथ सोडून नवे सोबती धरतात. दोन्हीकडं काही नष्ट होत नाही. फरक एवढाच, की एकाचा हिशेब तराजूनं होतो आणि दुसऱ्याला समीकरण लागतं.

हा हिशेब जगाला शिकवण्यात फ्रान्सच्या आंत्वान लाव्हाझिएचा वाटा मोठा. बंद भांड्यात पदार्थ जाळून आधी आणि नंतर वजन करायचं, वायूसुद्धा कोंडून तोलायचा, ही शिस्त त्यानं लावली. १७८९ साली त्याचा ग्रंथ आला. अभिक्रियेच्या आधी आणि नंतर द्रव्य तितकंच असतं, हे तत्त्व त्यात त्यानं स्पष्ट मांडलं. तो करवसुली करणाऱ्या कंपनीचा भागीदार होता, त्यामुळं जमाखर्च जुळवण्याची सवय त्याला होतीच. प्रयोगांच्या नोंदी आणि उपकरणांची चित्रं यांत त्याची पत्नी मारी-आन हिचं काम मोलाचं आहे. वर्गातल्या मुलींना हे मी आवर्जून सांगते. आणि हेही सांगते, की एकोणिसाव्या शतकात इथं आपल्या कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक रसायनशास्त्रावर मराठीत पुस्तकं लिहीत होते. हा विषय आपल्या मातीत कालपरवा आलेला नाही.

गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झाला की मी पोरांना खालच्या गावातल्या एखाद्या गुऱ्हाळावर नेते. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण त्या मानांकनामागं जो माणूस आहे, तो गुळव्या, पोरांनी पाहावा असं मला वाटतं. चुलवणावर काहील चढते, रस तापू लागतो, भेंडीचा चिकट रस पडतो, मळी वर येते आणि काढली जाते. मधे कधीतरी गुळव्या चुन्याचं पाणी घालतो. उसाच्या रसात मुळातच आम्लं असतात, त्यांतलं मुख्य अकोनिटिक आम्ल. चुना त्यांना उदासीन करतो, शिवाय रसातल्या फॉस्फेटशी जुळून साका तयार करतो आणि त्याबरोबर गाळही वर येतो. चुना कमी पडला तर गूळ नीट बसत नाही. जास्त झाला तर रंग काळवंडतो आणि बाजारात भाव पडतो.

पोरांनी आधीच गणित करून आणलं होतं. अकोनिटिक आम्लाच्या दोन मोलांना विझवलेल्या चुन्याचे तीन मोल लागतात. म्हणजे ३४८ ग्रॅम आम्लाला २२२ ग्रॅम चुना, किंवा शंभर ग्रॅम आम्लाला सुमारे ६४ ग्रॅम. एका मुलीनं वही उघडून गुळव्याला विचारलं, "मामा, एका आधणाला चुना किती ग्रॅम घालता?"

त्यानं हातातला झारा बाजूला ठेवला. "पोरी, ऊस कसला, कधी तोडलेला, त्यावर हाय सगळं. शिळ्या उसाला जास्त लागतोय. रंग बघायचा, मळी कशी फुटतीया ते बघायचं."

परतताना वर्गात वाद झाला. काही म्हणाले, मग समीकरणाचा उपयोग काय? मला हा वाद फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून समीकरणाची खरी जागा कळते. समीकरण प्रमाण देतं. किती आम्लाला किती चुना, हे ते कधीच चुकवत नाही. पण आजच्या या काहिलीत आम्ल किती आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ते जागेवर मोजावं लागतं. गुळव्या रंगावरून आणि मळीवरून मोजतो, आम्ही प्रयोगशाळेत अनुमापन करून मोजतो. रस आणून, गाळून, भरपूर पाणी घालून पातळ केला आणि माहीत असलेल्या तीव्रतेचा अल्कली थेंबाथेंबानं सोडला. ताज्या उसाच्या रसापेक्षा शिळ्या उसाच्या रसाला अल्कली जास्त लागला. गुळव्याचं म्हणणं आकड्यात उतरलं. पोरांच्या मनात त्या माणसाबद्दलचा आदर वाढला, आणि आकड्यांबद्दलचाही.

आम्ल आणि अल्कली एकमेकांना किती वजनात पुरे पडतात, याच प्रश्नापासून रसायनशास्त्रातल्या या हिशेबाची सुरुवात झाली. जर्मनीच्या येरेमिआस रिश्टरनं अशी प्रमाणं चिकाटीनं मोजली आणि १७९२ पासून आपले ग्रंथ प्रसिद्ध केले. तेव्हा अणूची कल्पना पक्की झालेली नव्हती, अणुभारांचे तक्ते नव्हते. होता तो तराजू, आणि प्रमाण ठरलेलंच असणार हा विश्वास. त्यामुळं माझ्या वर्गातली मुलगी काहिलीपाशी उभी राहून जे विचारत होती, तो या विषयातला सर्वांत जुना प्रश्न होता.

माझा एक जुना विद्यार्थी आता एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेत काम करतो. मी त्याला वर्गात बोलावते. तो फळ्यावर समीकरण लिहितो: साखरेचा एक रेणू आणि पाण्याचा एक रेणू, यांपासून अल्कोहोलचे चार आणि कार्बन डायऑक्साइडचे चार रेणू. ३४२ आणि १८ मिळून ३६०. त्यातून १८४ भाग अल्कोहोल, १७६ भाग कार्बन डायऑक्साइड. पोरांना पहिला धक्का इथंच बसतो. साखरेचं जवळजवळ निम्मं वजन वायू होऊन जातं, आणि तेही सगळं काम बिनचूक झालं तरी.

मग तो सांगतो, की १८४ प्रत्यक्षात कधीच मिळत नाहीत. यीस्ट स्वतः वाढतं, त्यालाही साखर लागते. थोडं ग्लिसरॉल तयार होतं. नव्वद टक्क्यांच्या आसपास उतारा आला तर काम चांगलं चाललं म्हणायचं. आकडा त्याच्या बराच खाली घसरला, की शोध सुरू होतो. टाकीत दुसरे जंतू शिरून साखरेचं आम्ल करताहेत का? तापमान चढलं का? साखर न आंबता तशीच राहिली का? कुठं गळती आहे का? त्याचं एक वाक्य मी पोरांना लिहून घ्यायला लावते: "१८४ हा आकडा माहीत नसता, तर काही हरवलंय हेच आम्हाला कळलं नसतं."

मला जे सांगायचं आहे ते याच्यापेक्षा वेगळं नाही. समीकरणावरून काढलेलं वजन बहुतेक वेळा प्रत्यक्षात मिळत नाही. तरीही ते काढायचं असतं, कारण मिळालं किती आणि मिळायला हवं होतं किती, यांतल्या अंतरातच खरी माहिती असते. सोड्याच्या मुशीत ते अंतर अपुरी राहिलेली अभिक्रिया दाखवतं, कापराच्या ज्योतीवर काजळी दाखवतं, डिस्टिलरीच्या टाकीत जंतू दाखवतं. डोळ्यांना यांतलं काहीच आधी दिसत नाही. हिशेब मांडलेला असेल तरच ते समोर येतं.

दर वर्षी धडा संपताना मी एक काम देते. आपल्या घरात जे जळतं, आंबतं, विरतं, त्यातलं एक निवडा आणि त्याचा पुरा हिशेब लिहा, हवेसकट. कुणी घराला द्यायच्या कळीच्या चुन्याचा हिशेब लिहिला आहे: एक किलो चुन्याला विझताना समीकरणानं सुमारे ३२१ ग्रॅम पाणी पुरतं, पण उष्णतेनं बरंच पाणी उडून जातं, म्हणून प्रत्यक्षात कितीतरी जास्त घालावं लागतं. पुढं भिंतीवर हा चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि एका किलोमागं जवळजवळ ७८६ ग्रॅम वायू भिंतीत कोंडतो. एका शेतकऱ्याच्या मुलानं चुलवणातल्या चिपाडाचा हिशेब लिहिला. चिपाडात सर्वांत जास्त असतं ते सेल्युलोज. ते १६२ ग्रॅम जळलं की २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ९० ग्रॅम पाणी बाहेर पडतं. राख मूठभरच उरते, कारण चिपाडाचं बहुतेक वजन धुराड्यातून गेलेलं असतं. शेवटी त्यानं लिहिलं होतं, की वर्षभर रानात उभ्या उसानं हा कार्बन डायऑक्साइड हवेतूनच घेतला होता आणि पाणी जमिनीतून, तेही याच प्रमाणात, बाण फक्त उलटा. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. समीकरण दोन्ही बाजूंनी वाचायची सवय लागल्यामुळं ते त्याला दिसलं.

यांतली सगळी पोरं रसायनशास्त्रज्ञ होणार नाहीत. कुणी दुकान चालवेल, कुणी गुरवकीची परंपरा पुढं नेईल, कुणी ऊस पिकवेल, कुणी शिरोलीच्या कारखान्यात कामाला लागेल. पण यापुढं कुणी त्यांना सांगितलं, की धूर विरून गेला, सांडपाणी नदीत मिसळून गेलं, कचरा जाळून संपवला, तर त्यांनी विचारावं: गेलं म्हणजे कुठं गेलं, आणि किती? हा प्रश्न विचारायची आणि त्याचं उत्तर ग्रॅममध्ये काढायची ताकद सोळा वर्षांच्या पोराला देता येते. त्यासाठी एक साधा तराजू, चिमूटभर सोडा आणि नीट समजलेलं एक समीकरण पुरतं. म्हणून माझी माझ्या क्षेत्रातल्या सगळ्या शिक्षकांना विनंती आहे: हा धडा घाईनं संपवू नका. फळ्यावर गणित सोडवण्याआधी तराजू वर्गात आणा, उत्तर आधी लिहून घ्या, आणि ते जुळलं नाही तर पोरांना कारण शोधू द्या.